कुंदाकाकूंचं नवं क्वार्टर

कुंदाकाकू आमच्या वॉर्डात दाखल झाल्या त्या अर्ध्या नावाने. पांढरीपांडे हे आडनाव दाखल करून घेणाऱ्या क्लार्कच्या जिभेवर काही बसेना. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, मान हलवली आणि शेवटी जेवढं झेपलं तेवढं लिहून टाकलं. पलंगाच्या पायथ्याशी पाटी लागली, 'मिसेस पांडे'.

मी सकाळच्या राउंडला गेले तेव्हा काकू ती पाटी हातात घेऊन बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, ठेंगणी, गोरीपान बाई. शेजारी त्यांचे यजमान, निवृत्त कर्नल, ताठ उभे. खुर्ची रिकामी होती, तरी उभेच.

माझ्या कोटावरचं नाव वाचून त्यांचे डोळे चमकले. "तुम्ही मराठी न? कुठल्या?"

"सांगलीची."

"मग तुम्हीच सांगा. यातली माझी पांढरी कुठे गेली?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "मला माहीत आहे. काल तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं न, पांढऱ्या पेशी फार वाढल्या म्हणून. नावातली काढली अन् रक्तात भरली तुम्ही लोकांनी!"

आणि त्या खळखळून हसल्या. ब्लड कॅन्सर झालाय हे कळून त्यांना जेमतेम एक रात्र उलटली होती. कर्नल हसले नाहीत. ते खिडकीच्या कडीकडे बघत राहिले.

मी रक्ताच्या आजारांची डॉक्टर. चंडीगडमध्ये इतकी वर्षं काढली आहेत, की मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझी मुलगी हिंदीतून देते आणि त्याचं मला काही वाटेनासं झालंय. पेशंटच्या तोंडून मराठी क्वचितच ऐकू येते, आणि अशी नागपुरी तर कधीच नाही. काकूंची बरीच वाक्यं 'जी'ने संपायची. पंजाबातही माणसं 'जी'शिवाय बोलत नाहीत. त्यामुळे वॉर्डातल्या आया, सिस्टर, सफाईवाले सगळ्यांना वाटायचं, की या बाईला पंजाबी येते. काकूंनाही तसंच वाटायचं.

काकूंचा जन्म गेला फौजी घरांमध्ये. पठाणकोट, तेजपूर, झाशी आणि अशी कितीतरी गावं करत शेवटची बदली चंडीमंदिरला झाली, आणि निवृत्तीनंतर जवळच पंचकुल्याला त्यांनी घर बांधलं. फौजेत नवं घर ताब्यात घेणं हा एक विधीच असतो, त्याला 'मार्चिंग इन' म्हणतात. नळ सोडून बघायचे, दिवे लावून बघायचे, कुठली काच तडकलीय, कुठली कडी बसत नाही ते सरकारी माणसाला तिथल्या तिथे दाखवायचं. काकूंचा अभिमान असा, की कुठल्याही पडक्या क्वार्टरमध्ये सकाळी सामान उतरलं की संध्याकाळच्या चहाला ते घर झालेलं असायचं. हॉस्पिटलची खोली हे त्यांच्या लेखी आणखी एक क्वार्टर होतं.

"कर्नल, नळ."

कर्नलांनी नळ सोडून दाखवला.

"थेंब थेंब गळून राहिला. कर्नल, खण."

कपाटाचा खण अर्ध्यात अडकला.

"हे असं आहे," काकू मला म्हणाल्या. "पडद्याला निम्मे हुक नाहीत. ट्यूबलाइट फडफडून राहिली. अन् इथे तुम्ही म्हणता, आराम करा."

मी म्हटलं, "काकू, इमारतीकडे लक्ष देणारा विभाग वेगळा आहे. मी तुमच्या रक्ताकडे बघते."

"रक्त कुठे राहतं? माझ्यात. अन् मी कुठे राहते?" त्यांनी बोट जमिनीकडे केलं. "इथे."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर पलंग फिरवलेला होता. डोकं जिथे असायला हवं तिथे काकूंचे पाय, आणि पायाच्या जागी उशी. खोलीच्या दारात वॉर्डाच्या मुख्य सिस्टर रजनी संतापाने लाल होऊन उभ्या होत्या. ऑक्सिजनची नळी भिंतीत, सक्शन भिंतीत, हाक मारायची घंटा भिंतीत, आणि पेशंट भिंतीपासून दूर! कर्नल एका बाजूला दम खात उभे होते, म्हणजे पलंग कोणी फिरवला ते उघड होतं.

"डॉक्टर, ओरडा नंतर," काकू पलंगावरून उतरत म्हणाल्या. "आधी झोपा."

"कुठे?"

"इथेच. पलंग होता तसा फिरवून देतात कर्नल. धुतलेली चादर घालते. चपला काढा. तुम्ही रोज इथे उभं राहून खाली बघता. आम्ही झोपून वर बघतो. एकदा पाहा तर खरं आम्हाला काय दिसतं!"

का कोण जाणे, मी झोपले. बहुधा त्या आवाजात माझ्या आजीचा अधिकार होता. वर छताचे पांढरे चौकोन होते, आणि डोळ्यांच्या अगदी समोर, गळतीचा एक चहाच्या रंगाचा डाग.

"दिसला?" काकूंनी विचारलं. "सकाळी तो उंट वाटतो. दुपारपर्यंत कळतं, उंट नाही जी, रेडा आहे. अन् रेड्यावर बसून कोण येतं ते तुम्हाला सांगायला नको."

मला हसू आलं. मग हळूहळू ते गेलं, कारण तो खरोखरच रेडा होता. ट्यूबलाइट पापणीवर फडफडत होती. मान उजवीकडे वळवली तर हात कसे धुवावेत याचा तक्ता. डावीकडे भिंत. खिडकी होती, पण ती माझ्या डोक्यामागे. ती असल्याचं मला फक्त वाऱ्यावरून कळत होतं.

तेवढ्यात आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. ग्रेवाल आत आले. उंचेपुरे सरदारजी, कडक इस्त्रीचे, आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. पलंगावर मी, पलंगाशेजारी पेशंट कमरेवर हात ठेवून उभी. ग्रेवालसरांनी चष्मा सारखा केला.

"डॉक्टर साहिबा, आप कब एडमिट हुईं?"

मागची रांग हसू दाबण्याच्या प्रयत्नात खोकायला लागली. मी धडपडत उठले आणि एक चप्पल उलटी घातली. काकूंवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. "सर, इन्होंने देख लिया. अब आप देखो जी."

ग्रेवालसर झोपले नाहीत. पण त्यांनी गुडघे वाकवले, पगडी सांभाळत डोकं उशीच्या उंचीवर आणलं आणि वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ उभे राहून फक्त एवढंच म्हणाले, "ये दाग कब से है?"

तो चौकोन लवकरच बदलला. ट्यूबही बदलली. पलंगाच्या बाबतीत सिस्टर रजनी आणि काकू यांच्यात तह झाला, उशी भिंतीकडेच राहील, पण पलंग तिरका लावायचा, म्हणजे ऑक्सिजनही पोचेल आणि खिडकीही दिसेल. सिस्टर रजनी रोज येऊन "बेड टेढ़ा है" म्हणायच्या आणि काकू रोज "हां जी, मैं भी" म्हणायच्या.

त्या खिडकीतून काय दिसत होतं म्हणाल, तर स्कूटर आणि मोटारींचा तळ. आमच्या इमारतीच्या दुसऱ्या बाजूच्या खोल्यांमधून शिवालिकच्या टेकड्या दिसतात, सकाळी तर फार सुंदर. तिकडची एक खोली रिकामी झाली, तेव्हा कर्नलांनी धावपळ करून ती मिळवली आणि मोठ्या आनंदाने बातमी घेऊन आले. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"डोंगर पाहून माणूस शांत होतो म्हणतात," त्या म्हणाल्या. "शांत तर मी होणारच आहे. त्याची घाई काहून? मला इथली भांडणं पाहू द्या."

आणि भांडणं खरंच पाहण्यासारखी होती. खाली शिट्टी घेऊन उभा असलेला पार्किंगचा रखवालदार आणि पांढऱ्या गाडीवाला एक वकील, जो रोज रुग्णवाहिकेच्या जागेतच गाडी लावायचा, आणि रोज नवं कारण सांगायचा. काकूंना खालचं ऐकू यायचं नाही, त्यामुळे दोघांचे संवाद त्या स्वतःच म्हणायच्या. सलाइन चालू असताना, मळमळत असताना, एका हातात वाटी धरून. रखवालदार त्यांच्या तोंडून अस्सल नागपुरी बोलायचा. "अबे भैताडा, हा काय तुझ्या बापाचा वाडा आहे काय बे?"

त्याच खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर बीजी आल्या, त्या रोपडच्या पलीकडच्या एका खेड्यातून. सत्तरीच्या, हाडांत शिरलेला रक्ताचा आजार. पंजाबात वडीलधाऱ्या बाईला बीजी म्हणतात आणि त्यांच्या घरचे सगळे तसंच म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. त्यांचा पलंग भिंतीकडचा. मधला पडदा नियमाप्रमाणे ओढलेला. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवणाचं ताट आलं तसं परत जायचं. औषधं लागू पडत होती, रिपोर्ट सुधारत होते आणि बाई मात्र विझत चालली होती. मुलगा रडकुंडीला येऊन विचारायचा, "डॉक्टर जी, दवाई ते ठीक है, फेर बीजी क्यों नहीं ठीक?"

काकूंनी आधी पडदा उघडला. सिस्टरनी ओढला. काकूंनी पुन्हा उघडला. मग काकू बीजींशी बोलायला लागल्या. नागपुरी हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला बीजी उत्तर द्यायच्या नाहीत. एकदा मात्र बोलल्या. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "बहुत बोलदी है तू."

"बोलली!" काकूंनी मला विजयी मुद्रेने सांगितलं. "शिवी असेल तरी चालेल. बोलली."

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे मागणी केली, की बीजींना खिडकीचा पलंग द्या. मला धक्काच बसला. त्या खिडकीसाठी या बाईने डॉक्टरला झोपवलं होतं आणि विभागप्रमुखाला गुडघ्यात वाकवलं होतं.

"अन् तुम्ही?"

"मी तिकडे राहीन. मला ती खिडकी आता पाठ झाली. तिला शेत पाहायची सवय आहे, भिंत पाहून मरेल ती. कॅन्सरनं नाही, भिंतीनं."

सिस्टर रजनींनी हात जोडले. पलंगाला नंबर असतो, नंबरावर औषध येतं, नंबरावर जेवण येतं. पण मीच सांगितल्यावर त्यांचा नाइलाज झाला. औषधांच्या बाबतीत त्यांनी कडक पहारा ठेवला. जेवणाचा घोळ मात्र झालाच. काकूंचं बिनमिठाचं वरण बीजींकडे गेलं आणि बीजींचा तुपातला दलिया काकूंकडे. काकूंनी तो गप्प बसून चाटूनपुसून खाल्ला आणि मग सिस्टरना बोलावून सांगितलं, "देखो जी, ये आपका गलत हो गया." तिकडे बीजींनी बिनमिठाचा पहिला घास तोंडात घातला आणि किती दिवसांनी त्यांचा आवाज खोलीभर घुमला, "ओए, ए दाल है के पाणी?"

कर्नलांनी बीजींची उशी उंच करून दिली. त्यांनी खाली पाहिलं. पांढरी गाडी नुकतीच रुग्णवाहिकेच्या जागेत शिरत होती. बीजी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ए बंदा कौन है? रोज ऐत्थे लांदा है?"

काकूंनी मला डोळा मारला. पुढच्या दिवसांत बीजी दलिया खाता खाता खालचं धावतं वर्णन करू लागल्या, आणि भिंतीकडच्या पलंगावरून काकू प्रश्न विचारू लागल्या. दोघींपैकी एकीलाही दुसरीची भाषा धड येत नव्हती. भांडण चुकलंय असं मात्र कधी झालं नाही.

काकूंचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. बीजींच्या उशाशी नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारं यंत्र होतं, ते सारखं टीं-टीं करायचं. एकदा दुपारी मी आत गेले तर यंत्रावर टॉवेलची घडी, त्यावर उशी, आणि आवाज बंद. त्या दिवशी मी काकूंवर खरोखर ओरडले. आवाज ऐकूनच सिस्टर धावत येते, तो दाबला आणि बीजींना काही झालं तर कोणाला कळणार? काकूंनी मान खाली घातली. "चुकलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "पण आवाज लहान तर होतो न त्याचा? अन् सिस्टरच्या टेबलावर वाजला तर?" ते करता येत होतं. आम्ही कोणी केलं नव्हतं, एवढंच.

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाची गोष्ट मात्र पुढे सगळ्या रुग्णालयात पसरली. आमच्याकडे बरंचसं सामान देणगीतून येतं. बाक, पाण्याचा कूलर, चाकाची खुर्ची, सगळ्यावर पितळी पट्टी, अमक्या दिवंगताच्या स्मरणार्थ. घड्याळाखाली होतं, 'स्वर्गीय श्री हरबंसलाल जी की पुण्य स्मृति में'.

"पाणी प्यायला गेलं तर कोणीतरी मेलेलं," काकू म्हणायच्या. "बसायला गेलं तर मेलेलं. किती वाजले पाहायला मान वर केली, तर उत्तर येतं, स्वर्गीय."

त्यांनी सिस्टरच्या ट्रेमधली चिकटपट्टी घेऊन कर्नलांना खुर्चीवर चढवलं आणि 'स्वर्गीय' हा शब्द झाकून टाकला. पुढची पुण्य स्मृतीही झाकली. उरले नुसते श्री हरबंसलाल जी.

हरबंसलालजींचा मुलगा सेक्टर १७ मधला कापडाचा मोठा दुकानदार. वडिलांच्या पुण्यतिथीला तो फळं वाटायला आला, आणि त्याने ती चिकटपट्टी पाहिली.

"मेरे पिताजी के नाम पर टेप किसने लगाई?" त्याचा आवाज कॉरिडॉरपर्यंत गेला. मी धावत आले. सिस्टर रजनी आधीच माफी मागत होत्या.

"मैंने," काकू भिंतीकडच्या पलंगावरून म्हणाल्या. त्यांचे केस एव्हाना गेले होते, डोक्याला सुती रुमाल होता. "नाम पर नहीं लगाई जी. 'स्वर्गीय' पर लगाई. मैंने तो आपके पिताजी को ज़िंदा किया."

त्याने हातातली फळं खाली ठेवली. अशा रुमालाच्या बाईवर ओरडणं अवघड असतं.

"कैसे आदमी थे?" काकूंनी विचारलं.

"बहुत धार्मिक। बहुत परोपकारी।"

"वो तो मरने के बाद सब होते हैं. मेरे कर्नल भी होंगे. घडी काहे को दी? पंखा देते, कूलर देते."

तो माणूस घड्याळाकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "घर में सब ने कहा, घड़ी ही देनी चाहिए। बाउजी ज़िंदगी भर कहीं टाइम पर नहीं पहुँचे। अपनी शादी में भी नहीं। माँ फेरों के लिए बैठी थी और वो रास्ते में किसी के यहाँ जलेबी खा रहे थे।"

आधी बीजी हसल्या. मग काकू, मग सिस्टर, आणि शेवटी तो स्वतः, डोळे पुसत. फळं वाटायची राहून बराच वेळ तो काकूंच्या पलंगाशी बसून बाउजींच्या उशिराच्या हकिकती सांगत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याचा माणूस येऊन नवी पट्टी लावून गेला. 'यह घड़ी बाउजी हरबंसलाल की ओर से, जो हर जगह देर से पहुँचे।'

आजूबाजूच्या खोल्यांमधले पेशंट सलाइनचा स्टँड ढकलत ती पट्टी वाचायला यायचे. एक म्हातारे गृहस्थ रोज वाचायचे आणि रोज तेच म्हणायचे, "हम भी लेट ही जाएँगे जी, जल्दी क्या है।"

मग काकूंना ताप आला. औषधांनी रक्तातल्या पेशी पार कमी झाल्या होत्या आणि जंतुसंसर्गाने तेवढ्यात डाव साधला. त्यांना खालच्या मजल्यावरच्या एकांत खोलीत न्यावं लागलं. ती खोली म्हणजे पांढऱ्या फरशांचा डबा. खिडकी नाही, चित्र नाही, भेटायला येणारा मास्क आणि गाऊनमध्ये. तसंच असायला हवं होतं. मीच त्यांना तिथे पाठवलं आणि आजही पाठवीन.

काकू तिथे गेल्या आणि बंद झाल्या. ताप उतरू लागला तरी डोळे उघडेनात. खाल्लं तर चमचाभर. मी विचारलं, "काकू, मार्चिंग इन झालं का?" त्यांनी नुसती मान फिरवली. "इथे करण्यासारखं काही नाही," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी कर्नल माझ्या खोलीत आले. नेहमीप्रमाणे उभेच राहिले. या माणसाने इतक्या दिवसांत माझ्याशी 'ठीक आहे' आणि 'थँक यू' याखेरीज फारसं काही बोललेलं नव्हतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "त्या खोलीत गेल्यापासून तिने कशालाच नावं ठेवली नाहीत."

लढाई पाहिलेला माणूस, आणि बायको तक्रार करत नाही म्हणून घाबरला होता. मीही घाबरले होते, पण ते मी सांगितलं नाही.

काकूंची शाल वरच्या खोलीत राहिली होती, ती आणायला कर्नल गेले. बीजींनी त्यांना पकडलं. "पांडे जी कित्थे?" कर्नलांनी खोली कशी आहे ते सांगितलं. बीजी खिडकीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "फोन ला."

मी खाली काकूंना तपासत होते तेव्हा कर्नल गाऊन, मास्क, टोपी असे आत आले. पुसून घेतलेला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यांनी तो काकूंच्या कानापाशी धरला, आणि त्या पांढऱ्या डब्यात बीजींचा आवाज फुटला.

"पांडे जी, सुण! चिट्टी गड्डी वाला आ गया। अज्ज छतरी लै के आया है। बाहर धुप है, ते छतरी! सीटी वाला भज्ज के आया... हुण दोनों खड़े ने... ओए होए, सीटी वाले ने छतरी खो लई!"

काकूंचे डोळे मिटलेलेच होते. बीजी न थांबता बोलत राहिल्या. वकील हिसकावलेली छत्री परत मागतोय, रखवालदार देत नाही, एक बाई मधे पडली. मग काकूंचे ओठ हलले. मी खाली वाकले.

"अबे भैताडा," काकू पुटपुटल्या, "छत्री काय उन्हात आणतात काय बे?"

कर्नलांनी फोन तसाच धरून ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी आणि दुपारी बीजींचा फोन यायचा. काकू अर्धी वाटी, मग वाटीभर खाऊ लागल्या. आणि एका सकाळी मी आत शिरले तर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ही फरशी बसवली कोणी? एकही रेघ सरळ नाही." मी बाहेर येऊन ते कर्नलांना सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन जोरजोरात हलवला, बढती मिळाल्यासारखा.

काकू वर परत आल्या. बीजी बऱ्या होऊन गावी गेल्या, जाताना काकूंना मिठी मारून, पंजाबीतून भरपूर सूचना देऊन. त्यातल्या निम्म्या काकूंना कळल्या नाहीत आणि सगळ्या पटल्या. काकूंचं रक्त काही महिने ठीक राहिलं. मग औषधांना जुमानेनासं झालं. पुढचं औषध होतं, पण त्याची आशा थोडी आणि त्रास फार. मी ते त्यांना मराठीतून, काही न लपवता सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मग क्वार्टर सोडायचं म्हणता," त्या म्हणाल्या. "घरी जाते न मी."

मी त्यांना भेटायला पंचकुल्याला गेले तो रविवार होता. बैठक अगदी त्यांच्यासारखी, फिकट पडदे, जिथल्या तिथे वस्तू, कुठेही डोळ्याला बोचणारं काही नाही. कर्नलांनी मला त्यांच्या खोलीत नेलं आणि मी दारातच थबकले.

भिंती पोपटी होत्या. नुसत्या पोपटी नव्हे, तर ओरडणाऱ्या पोपटी. त्या रंगाचं प्रतिबिंब चादरीवर, छतावर, काकूंच्या रक्त ओसरलेल्या गालांवर पडलं होतं.

"कसा वाटतो रंग?" कर्नलांनी विचारलं. पहिल्यांदाच आपणहून. "ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मीच लावला. माणूस न लावता. पांढऱ्या भिंती तिला आवडत नाहीत न."

"छान आहे," मी म्हटलं.

"बघा, डॉक्टरही छान म्हणाल्या," काकू पलंगावरून म्हणाल्या. "मी सांगत होते न तुम्हाला, अप्रतिम आहे म्हणून."

कर्नल खूश होऊन चहा करायला गेले. काकूंनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"भयंकर आहे न?"

"भयंकर आहे."

"दिवा बंद केला तरी दिसून राहिला, बाप्पा." त्या हसायला लागल्या, पण आता हसण्याचाही दम लागत होता. "जन्मभर मीच सगळं ठरवलं. कुठे काय ठेवायचं, कुठला पडदा, कुठली चादर. हा माणूस फक्त उचलून इकडचं तिकडे ठेवायला. पहिल्यांदा स्वतः काही निवडलं बिचाऱ्यानं. अन् निवडलं, ते हे!"

"मग सांगा न त्यांना. एका दिवसात बदलता येईल."

"काहून?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो फार हलका होता. "सकाळी डोळे उघडले की समोर हा रंग दिसतो अन् मला हसू येतं. तुमच्या कुठल्या गोळीनं आलं होतं, सांगा बरं? त्याला बोलाल तर पाहा!"

चहा आला. चहा पिऊन मी उठले. त्यानंतर थंडी पडायच्या आधीच काकू गेल्या, त्याच खोलीत, दुपारच्या वेळी. कर्नलांनी फोनवर मला तेवढंच सांगितलं आणि 'थँक यू' म्हणाले.

पण मला त्या शेवटच्या दिसल्या त्या रविवारी, फाटकातून मागे वळून पाहिलं तेव्हा. खिडकी उघडी होती. आत कर्नल स्टुलावर चढले होते, हातात ब्रश. छताजवळची एक पट्टी पांढरी राहून गेली होती, तिच्याकडे बोट दाखवून ते काहीतरी विचारत होते. काकूंनी मान तिरकी करून ती पट्टी नीट निरखली, मग चारी भिंतींवरून नजर फिरवली. आणि हात जमेल तेवढा उंच करून त्यांना खूण केली, लावा.

कर्नलांनी ब्रश डब्यात बुडवला.